एकशे चौसष्टांची हजेरी

आमच्या ग्रंथपालबाईंना सगळं कॉलेज भिंगबाई म्हणायचं. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण त्यांना ते माहीत होतं. हे नाव कुणी ठेवलं असेल याबद्दलही त्यांचा एक पक्का संशय होता. तो माझ्यावर होता, आणि तेवढा एक संशय अगदी बरोबर होता.

मी त्या ग्रंथालयात बाइंडर. जर्नलांचे वर्षभराचे अंक एकत्र शिवायचे, पाठीला कापड चढवायचं, वर सोनेरी अक्षरांत नाव आणि साल उठवायचं, हे माझं तीस वर्षांचं काम. जर्नल म्हणजे संशोधन करणारी मंडळी आपापले शोध ज्यात छापतात ती नियतकालिकं. वाचणारे थोडे, किंमत भारी, आणि लिहिणाऱ्याला त्यातला छदामही मिळत नाही. हे शेवटचं मला बाईंनी सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसेना. लिहायचं प्राध्यापकांनी, दुसऱ्याचं तपासून द्यायचं तेही त्यांनीच, फुकट, आणि छापून आलं की तेच त्यांच्या कॉलेजनं विकत घ्यायचं. भाजीबाजारात असला धंदा कुणी केला असता तर लोकांनी त्याची टोपली उलटी केली असती.

बाईंचं भिंग टेबलाच्या वरच्या खणात असायचं. करारातली बारीक अक्षरं वाचायला म्हणून त्यांनी ते घेतलं होतं, पण एकदा हातात आलेली वस्तू खणात थोडीच राहते? पुस्तकाच्या दुकानदाराची पावती, वर्तमानपत्राच्या रद्दीचा काटा, उशीर झालेल्या पोराचं डॉक्टरचं सर्टिफिकेट, सगळं त्या भिंगाखालून जायचं. घरी तर विचारू नका. आम्ही एकाच इमारतीत राहायचो, त्या दुसऱ्या मजल्यावर आणि मी पहिल्या, त्यामुळे मला सगळं ठाऊक. त्यांच्या स्वयंपाकघरात वाण्याकडचा असतो तसा काटा होता आणि आणलेली साखर पुन्हा मोजली जायची. भिंतीवर घड्याळं दोन, कारण एकच असलं तर ते खोटं बोलतंय हे कळणार कसं? एकदा काडेपेटीत पन्नासऐवजी सत्तेचाळीस काड्या निघाल्या म्हणून त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं होतं. कंपनीनं माफी मागून चोवीस पेट्या पाठवल्या. बाईंनी त्याही मोजल्या.

त्यांच्या यजमानांना आम्ही सगळे राव म्हणायचो. वीज कंपनीत घरोघर मीटर वाचायचं काम करून ते निवृत्त झालेले. स्वभावानं बाईंच्या अगदी उलट, शांत आणि थोडे मिश्कील. संध्याकाळी सहाला माझा आणि त्यांचा बुद्धिबळाचा डाव असायचा. माझ्याशी लग्न करण्याआधी हिनं माझ्या नावावर किती तक्रारी आहेत ते कंपनीत जाऊन विचारलं होतं, असं ते सांगायचे. बाई आतून म्हणायच्या, दोन होत्या.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे आणि आम्ही नेतही होतो. पण जर्नलांच्या बाबतीत बाईंचा संशय सोन्यासारखा कामाला यायचा. कागदी अंकांच्या काळात प्रत्येक जर्नलाचं एक जाड कार्ड असे. पोस्टातून अंक आला की पाकीट फोडायचं, पानं चाळून ती सगळी आहेत ना ते बघायचं, शिक्का मारायचा आणि कार्डावर बरोबरची खूण करायची. खूण चुकली म्हणजे अंक आला नाही, की त्याच दिवशी पत्र. बाई याला हजेरी म्हणायच्या. त्यांच्या कारकिर्दीत एकही अंक बुडाला नाही. माझ्याकडे बांधणीला येणारं वर्ष नेहमी पूर्ण असायचं, आणि बाइंडरला याहून मोठं सुख नाही.

मग जर्नलं कॉम्प्युटरवर आली. कंपनीचा माणूस यायला लागला. त्याचं नाव आम्ही गोडबोल्या ठेवलं. पहिल्या वर्षी त्यानं एकशे चौसष्ट जर्नलांचा गठ्ठा इतका स्वस्त दिला की प्राचार्यांनी त्याला स्वतःच्या खुर्चीशेजारी बसवलं. बाई मला म्हणाल्या, "मामा, कोणी फुकट गोड खायला घातलं की दात कोणाचे जातात ते बघायचं." त्यांना कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं, आणि ते मुरतच होतं. गठ्ठ्यातलं एक जर्नल नको म्हणायची सोय नव्हती. कागद यायचा बंद झाला. आणि करार संपला की आपण ज्या वर्षांचे पैसे भरले ती वर्षंसुद्धा बंद. म्हणजे हे विकत घेणं नव्हतंच, भाड्यानं राहणं होतं. माझं शिवणयंत्र त्या वर्षी झाकून ठेवलं ते ठेवलंच. मला काउंटरवर बसवलं.

पहिल्याच वर्षी चार जर्नलं तीन आठवडे उघडत नव्हती, आणि कंपनीनं कळवलंही नाही. एका प्राध्यापकानं तक्रार केली तेव्हा समजलं. बाईंनी विचारलं तर उत्तर आलं, तांत्रिक अडचण, आणि तीन आठवड्यांचे पैसे परत करण्याचं नाव नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्या दिवसापासून बाईंनी जुनी कार्डं पुन्हा काढली. रोज सकाळी ग्रंथालय नऊला उघडायच्या आधी त्या आठला यायच्या, कॉम्प्युटरसमोर बसायच्या आणि एकेक जर्नल घेऊन त्यातला एखादा लेख पूर्ण उघडून बघायच्या. उघडला की कार्डावर खूण. अ पासून सुरू करून एकशे चौसष्ट. बरोबर तासभर लागायचा. सहा वर्षं, कामावर आल्या तो एकही दिवस न चुकवता, त्यांनी हे केलं. मी खालच्या पायरीवर झाडूवाल्याबरोबर चहा पीत असायचो आणि वरून त्यांच्या माउसची टिकटिक ऐकू यायची.

भाव मात्र चढतच गेले. आधी दरवर्षी थोडे, मग एके वर्षी एकदम दीडपट. गोडबोल्या एक रंगीत आलेख घेऊन आला आणि म्हणाला, तुमच्याकडे वाचन फार वाढलंय, अभिनंदन, म्हणून तुम्ही आता वरच्या टप्प्यात गेलात. करारात तसं कलमच होतं. जितके लेख उघडले जातील त्या प्रमाणात पुढच्या वर्षाचा टप्पा. दोन वर्षांनी आणखी वरचा. पैसे कुठून आणणार? अठ्ठावीस छोटी कागदी नियतकालिकं बंद केली. मग नवीन पुस्तकं. मग खुर्च्यांची दुरुस्ती. अडला हरी गाढवाचे पाय धरी तशी आमची गत झाली, आणि गाढवाला गळपट्टा होता.

शेजारचं कॉलेज किती देतं हे विचारायचीही सोय नव्हती. किंमत कुणाला सांगायची नाही असं कलम होतं. बाईंनी ते भिंगाखाली तीनदा वाचलं. मग त्यांनी आणि दुसऱ्या कॉलेजातल्या त्यांच्या ग्रंथपाल मैत्रिणीनं एक युक्ती काढली. फोनवर त्या एकमेकींच्या सासूच्या तापाची चौकशी करायच्या. "काय गं, सासूबाईंचा ताप किती?" "एकशे चार." मी बरेच दिवस हे ऐकत होतो. शेवटी राहवेना म्हणून एकदा बाईंना विचारलं की मैत्रिणीच्या सासूबाईंना दवाखान्यात का नेत नाहीत. त्या सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती.

या तापाच्या चौकशीतूनच कळलं की मैत्रिणीच्या कॉलेजात विद्यार्थी आमच्या दुप्पट आणि ताप आमच्या निम्मा. झालं. बाईंची खात्रीच पटली की कंपनी आकडे फुगवतेय. आमच्याकडे एवढं वाचतं कोण? वाचनकक्षात दुपारी पंखे वाचत असतात, असं त्या म्हणायच्या. त्यांनी पत्रामागून पत्रं लिहिली की आम्हाला महिन्याची बेरीज नको, दिवसाचा आणि तासाचा हिशेब द्या. कंपनी टाळत राहिली. पाच महिने हा घोळ चालला आणि शेवटी एके दिवशी तीन महिन्यांचा तासवार तक्ता आला.

बाईंनी तो छापून घेतला आणि दार लावून बसल्या. अर्ध्या तासानं त्यांनी मला आत बोलावलं. चेहरा असा की कुणी घरात घुसून गेलंय. दर पाच उघडलेल्या लेखांतले चार सकाळी आठ ते नऊ या एकाच तासात उघडलेले होते. ग्रंथालय बंद असताना. रोज, रविवार आणि सुट्ट्या सोडून. आणि रोजचा आकडा एकच होता, एकशे चौसष्ट. माणूस असं करत नाही, कुणीतरी यंत्र लावलंय, सगळी जर्नलं रोज उपसून बाहेर विकतंय, असं बाईंचं म्हणणं. कॉलेजातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचा बाहेर जायचा पत्ता एकच, त्यामुळे कोणत्या टेबलावरून ते तक्त्यात दिसत नव्हतं.

आठ ते नऊ इमारतीत कोण असतं? बाई, झाडूवाला, मी आणि एक बाई जिला आम्ही मातीवाली म्हणायचो. झाडूवाला कॉम्प्युटरला फक्त फडक्यानं स्पर्श करायचा, तो सुटला. माझ्यावर दोन दिवस नजर होती. मी जिन्यात चहा प्यायला गेलो की बाई वरून वाकून बघायच्या. मला हे समजलं तेव्हा मी असा भडकलो की त्यांना सांगितलं, बाई, मला ते यंत्र सुरू कुठून करतात हे माहीत नाही, आणि माहीत असतं तर मी ते आधी बंद केलं असतं. हे त्यांना पटलं. राहिली मातीवाली.

ही मातीवाली म्हणजे पस्तिशीतली, माती तपासायच्या प्रयोगशाळेत साडेदहा ते साडेसहा नोकरी करणारी, एका मुलीची आई. नोकरी सांभाळून डॉक्टरेट करत होती. कोणत्या जमिनीतून क्षार कसे वर येतात असं काहीतरी. तिला वाचायला वेळ मिळायचा तो फक्त सकाळी. दोन वर्षांपूर्वी तिनं विनंती केली तेव्हा बाईंनीच तिला आठ वाजता आत यायची परवानगी दिली होती. आजवर बाईंनी नियमाबाहेर जाऊन कुणासाठी काही केलं असेल तर ते हेच. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर ती बसायची आणि बाई आपल्या टेबलावर. दोघींत फारसं बोलणं नसायचं, पण पावसाळी दिवशी बाई तिच्यासाठी आपला टॉवेल काढून ठेवत, हे मी पाहिलंय.

आता त्या परवानगीचीच बाईंना चीड आली. आपण विश्वास टाकला आणि हिनं तोंडाला पानं पुसली. तिचा भाऊ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो हे त्यांनी शोधून काढलं आणि मग तर काय, चोराची वाटच सापडली. दुसऱ्या दिवशी मातीवाली आली तेव्हा बाईंनी तिचं वाचकाचं कार्ड मागितलं, खणात टाकलं आणि सांगितलं, चौकशी होईपर्यंत यायचं नाही. तिनं विचारलं कसली चौकशी. बाई म्हणाल्या, तुला माहीत आहे. ती वही पिशवीत घालून गेली.

बाईंनी प्राचार्यांना पत्र लिहिलं. कंपनीलाही प्रत गेली, आणि कंपनीच्या नियमात चोरून उपसा करणाऱ्या वाचकाची संशोधनाची नोंदणी रद्द करावी अशी शिफारस असते. समिती बसायची ठरली. मातीवालीला प्रबंध द्यायला वर्षअखेरपर्यंतची मुदत होती, ती एकदा वाढवून घेतलेली, पुन्हा वाढणार नव्हती. नोंदणी रद्द झाली तर सहा वर्षांच्या कामावर पाणी.

मधले सहा आठवडे ती एकदाच मला बसथांब्यावर भेटली. मला तिच्यासमोर लाज वाटली, म्हणून मी उगाच मुलीची चौकशी केली. मग काम कसं चाललंय विचारलं. ती म्हणाली, जर्नल मिळत नाही तर ज्यांनी लेख लिहिले त्यांनाच तिनं पत्र टाकलं होतं, तेवीस जणांना. अठरा जणांनी दोन दिवसांत लेख पाठवून दिले, फुकट, वर कुणी विचारलं म्हणून आनंद झाला असंही लिहिलं. एकाचा त्याच्या बायकोनं पाठवला. तो माणूस गेल्या वर्षी वारला होता. पण चार मिळाले नव्हते आणि तिचं शेवटचं प्रकरण त्या चारांवर अडलं होतं. मी हे बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "बघा, किती जणांशी ओळखी आहेत तिच्या."

संशयाचं असंच असतं. आत गेलेली प्रत्येक गोष्ट त्याच रंगाची होऊन बाहेर येते.

समितीच्या आदल्या संध्याकाळी मी रावांकडे डाव मांडून बसलो होतो. बाई कॉलेजातून आल्या, पर्स टेबलावर टाकली आणि उद्या वाचायचं पत्र आम्हाला वाचून दाखवायला लागल्या. राव घोडा हातात धरून ऐकत होते. एकशे चौसष्टचा आकडा आला तेव्हा त्यांनी घोडा खाली ठेवला.

"रोज तेवढेच? एखादा कमीजास्त नाही?"

"एकही नाही. म्हणून तर म्हणते यंत्र आहे."

राव म्हणाले, चोर इतक्या नेमानं चोरी करत नाही. मग त्यांनी तक्ता मागितला. आयुष्यभर आकडे वाचलेला माणूस, बोट ठेवत ठेवत खाली गेले आणि एका ठिकाणी थांबले. मधल्या महिन्यात चार दिवस त्या तासात शून्य होतं. हे काय, त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, तेव्हा ती सावध झाली असेल, किंवा मी तापानं पडले होते तेव्हा तिला आत घ्यायला कुणी नसेल.

आता मला बोलणं भाग होतं. मी म्हणालो, बाई, ते चार दिवस किल्ली माझ्याकडे होती. ती चारही दिवस आली, आठला आली, दहाला गेली. पहिला तास ती टिपणंच काढते, लेख नऊनंतर उघडते. नोंदवहीत माझ्या हातची नोंद आहे.

बाईंनी तक्ता पुन्हा जवळ ओढला. राव त्यांच्याकडे बघत होते. मग ते नेहमीच्या शांत आवाजात एक गोष्ट सांगायला लागले. त्यांच्या हद्दीत एक म्हातारे होते, दर महिन्याला तक्रार, बिल जास्त येतं, मीटर पळतो. राव एकदा त्यांच्या घरी तासभर बसले. म्हातारे दर दहा मिनिटांनी उठायचे, घरातले सगळे दिवे लावायचे आणि मीटर फिरतोय का ते बघायचे.

"मी वाचत नाही," बाई म्हणाल्या. "मी तपासते. पाकीट फोडलं म्हणजे अंक वाचला असं होतं का?"

"नाही होत गं. पण मीटरला ते कळत नाही."

सांगायला सोपं वाटतं की इतकं साधं तुम्हाला दिसलं कसं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण ग्रंथालयात तीस वर्षं काढा आणि मग बोला. वाचकांच्या नोंदवहीत आम्हा कर्मचाऱ्यांची नावं कधी नसतात. दारावरच्या मोजणीत आम्ही नसतो. कोण वाचतंय हे मोजताना ग्रंथपाल स्वतःला धरत नाही, जसा जेवणाऱ्यांची पानं मोजताना वाढणारा स्वतःला धरत नाही. बाईंनी त्या तासात इमारतीत कोण असतं ते मोजलं, त्यात पहिलं नाव स्वतःचं घेतलं, आणि तरी त्या स्वतःवरून पुढे गेल्या. मीही गेलो होतो. टिकटिक तर मी रोज ऐकत होतो.

बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ चालू होता. राव मला हळूच म्हणाले की आज डाव राहू दे. दारापर्यंत आलो तेव्हा बाईंनी आतून विचारलं, मामा, पत्र परत घेता येतं का? मी म्हटलं, येतं. त्यांना माझ्यापेक्षा नियम जास्त माहीत होते. परत घ्यायचं तर कारण लिहावं लागतं.

दुसऱ्या दिवशी समितीत प्राचार्य, दोन प्राध्यापक आणि गोडबोल्या. किल्लीवाला म्हणून मलाही बोलावलं होतं, मी भिंतीशी उभा. मातीवाली बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. बाईंना निवृत्त व्हायला पाच महिने होते. मला वाटत होतं की त्या म्हणतील पुरावा अपुरा आहे, प्रकरण मिटवावं. कुणी काही विचारलं नसतं. नाक शाबूत राहिलं असतं.

बाई उभ्या राहिल्या. हजेरीच्या कार्डांचा गठ्ठा त्यांनी बरोबर आणला होता. म्हणाल्या, "सकाळी आठ ते नऊ जो वाचक आहे तो मी आहे. सहा वर्षं रोज एकशे चौसष्ट लेख मी उघडले. वाचले एकही नाहीत. तिचा यात काही संबंध नाही."

प्राचार्यांना आधी समजलं नाही. मग समजलं आणि ते हसले, सुटका झाल्यासारखे, आणि त्यांच्याबरोबर दोन्ही प्राध्यापक हसले. एक जण म्हणाला, म्हणजे बाई, आपणच आपला भाव वाढवला. बाई उभ्याच होत्या. त्यांनी गोडबोल्याला विचारलं की हे तुम्हाला तिकडे कधी दिसलं नाही का. तो म्हणाला, मॅडम, आम्ही फक्त आकडे मोजतो, कुणी कशासाठी उघडलं ते आमच्या नियमात येत नाही. आणि मग गोड बोलायच्या सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "तसंही रोज अक्षरक्रमानं, एकाच क्रमानं उघडायचे, त्यामुळे आमच्या ऑफिसात सगळे म्हणायचे—" आणि तो थांबला.

ऑफिसात काय म्हणायचे ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. त्यांना ठाऊक होतं. सहा वर्षं ठाऊक होतं आणि दर वर्षी ते आलेख रंगवून आणत होते. माझं डोकं इतकं तापलं की मी भिंत सोडून पुढे आलो. बाईंनी हातानं मला थांबवलं. त्यांचा कंपनीवरचा संशय पुरता खरा ठरला होता, पण त्या दिवशी त्याचं काही करायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. टप्पा खाली येईल का, एवढं प्राचार्यांनी विचारलं. गोडबोल्या म्हणाला, पुढच्या वर्षीचा करार गेल्या वर्षीच्या वापरावर झालेला आहे, सही झालेली आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी देता देता राहिली, एवढंच झालं. बाकी चोर खुर्चीत बसून चहा पीत होता.

पत्र परत घेतल्याचा कागद झाला. बाई बाहेर आल्या आणि बाकावर मातीवालीशेजारी बसल्या. पर्समधून तिचं कार्ड काढून तिच्या हातात दिलं आणि काय झालं ते सगळं सांगितलं, काही न लपवता. माझी चूक होती, असं त्या म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि रावांनीही ऐकले नसावेत.

मातीवालीनं कार्डाकडे बघितलं. "म्हणजे तुम्ही ते वाचत नव्हता?"

"नाही."

"मला वाटायचं तुम्ही वाचता. मी मुलीला सांगायचे, आमच्या बाई लोक यायच्या आधी सगळं वाचून ठेवतात."

बाईंनी विचारलं, मग हे चौकशीचं कळल्यावर तू बोलली का नाहीस, मी समोरच बसून उघडत होते. ती म्हणाली, मला आरोप काय आहे तेच कळलं नव्हतं. मग म्हणाली, "तुम्ही विचारलंच नाहीत, बाई. तुम्ही कार्ड मागितलंत."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. बाईंना रागाशी भांडता यायचं.

ते चार लेख बाईंनी त्याच दुपारी स्वतः काढून, छापून, टाचून ठेवले. सकाळची हजेरी बंद केली. आता त्या दिवसाला सात जर्नलं बघायच्या, आणि तीही महिन्यातून एकदा पाळी येईल अशी वाटून. गोडबोल्याचा आलेख पुढच्या वेळी काय दाखवतो ते बघायला त्या नोकरीत असणार नव्हत्या. मैत्रिणीला त्यांनी फोन करून सांगितलं की ताप उतरेल, पण वर्ष लागेल. तिलाही विचारलं की तू रोज सकाळी काय काय उघडतेस.

मातीवाली पुन्हा आठला यायला लागली. कोपऱ्यातल्या त्याच कॉम्प्युटरवर बसायची. पहिल्या दिवशी दहा वाजता ती निघाली आणि दाराकडे जायच्या ऐवजी बाईंच्या टेबलाशी आली. पिशवी टेबलावर ठेवून उघडली, डबा बाहेर काढून बाजूला ठेवला आणि आतलं दिसेल अशी धरली. आमच्याकडे पिशव्या तपासायची पद्धत नव्हती, कधीच नव्हती. बाई म्हणाल्या, याची काही गरज नाही.

"असू दे बाई," ती म्हणाली, "बघून घ्या."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बाईंनी तिला हात जोडून सांगितलं की नको. ती हसली, कार्डाची काळजी वाटते म्हणाली, पुन्हा जायला नको, मला आता वेळ नाही. टोमणा मारत होती असं मला वाटत नाही. तिला खरंच तसं वाटत होतं. तिनं प्रबंध मुदतीच्या दहा दिवस आधी दिला, आणि त्याच महिन्यात बाई निवृत्त झाल्या. तोपर्यंत पाच महिने, सुट्ट्या सोडून रोज दहा वाजता ती पिशवी त्या टेबलावर उघडली जायची, आणि बघितल्याशिवाय मातीवाली पुढे जात नाही म्हणून बाईंना आत बघावं लागायचं.